लातुरात थेरपिस्ट कसा शोधायचा? आणि स्कूटी कुठं लावायची?

निळी_छत्री | ८ जून, रात्री ११.१०

नमस्कार. दोन वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी मूळची उदगीरची, नोकरीसाठी लातुरात. वय ३१. दिवाळीपासून काहीतरी बिनसलंय. आधी वाटलं थकवा असेल. मग पहाटे साडेतीनला जाग यायला लागली, ती परत डोळा लागतच नाही. डब्यात आईनं पाठवलेली शेंगांची चटणी असते आणि घास तोंडात फिरत राहतो. रडूसुद्धा धड येत नाही. आई फोनवर विचारते, "करमंना का गं तुला?" मी "हं" म्हणून फोन ठेवते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली, फरक नाही. मग त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. बाहेर दीड तास, आत सात मिनिटं. "डिप्रेशन आहे, मध्यम आहे, बरं होतं," म्हणाले, एक गोळी लिहून दिली आणि मी उठत असताना डॉक्टर म्हणाले, "सोबत थेरपी मिळाली तर चांगलं." कुठं मिळते ते विचारायच्या आत पुढचा नंबर आत.

स्वतःच शोधून एका समुपदेशन केंद्रात गेले. बाईंनी पंधरा मिनिटांत निदान केलं: लग्न करा, सगळं सुरळीत होईल. आणि निघताना माझा बायोडाटा मागितला. त्यांचा भाचा आहे म्हणे.

तर प्रश्न असे, की मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, थेरपिस्ट ही सगळी एकच माणसं की वेगळी? थेरपीत नेमकं करतात काय? बोलायचंच असेल तर पैसे कशाचे? आणि शेवटचा, हसू नका. दवाखान्याबाहेर माझी स्कूटी कुणी पाहिली तर दिवेलागणीच्या आत उदगीरला फोन जातो. स्कूटी लावू कुठं?

हुरडा_पार्टी | ८ जून, रात्री ११.२४

भाचा काय करतो?

(माफ करा, राहवलं नाही.) स्कूटीचं सोपं आहे. शेजारी दाताचा दवाखाना असतोच, त्याच्यासमोर लावायची. दात सगळ्यांचेच दुखतात, त्यात कुणाची अब्रू जात नाही.

सीताफळ_बालाघाट | ८ जून, रात्री ११.४०

वाचतेय. माझ्या जावेसाठी हवंय, अंबाजोगाईत.

बिंदुसरा | ९ जून, सकाळी ७.०५

ताई, बीडमध्ये मेडिकल चालवतो, बावीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

गोळी कोणती ते इथं लिहू नका, लोक आपापल्या मनानं आणतील. पण डिप्रेशनला आजकाल बहुतेक वेळा ज्या गोळ्या देतात त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. आणि त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होतो: मळमळ, पोटात कालवाकालव, झोप उडणं नाहीतर जास्त येणं. म्हणजे फायदा उधार आणि तोटा रोख. इथंच निम्मे लोक गोळी सोडतात. आमच्या काउंटरवर रोज बघतो. दहाव्या दिवशी येऊन म्हणतात, काही उपयोग नाही, उलट मळमळतंय. दुसरे असे, की दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून स्वतःच बंद करतात. बरं वाटल्यावरसुद्धा साधारण सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात, आणि थांबवायची तीही हळूहळू, डॉक्टरांना विचारून. एकदम बंद केली की चक्कर, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या.

"सवय लागते का?" हा रोजचा प्रश्न. डिप्रेशनच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची. त्या डॉक्टर थोडे दिवस देतात आणि लोक जुनी चिठ्ठी घेऊन चार-चार वर्षं मागत राहतात. चिठ्ठीला घड्या पडून पडून तिच्यावरचं नाव पुसलेलं असतं. मी देत नाही, म्हणून ते समोरच्या दुकानात जातात.

पारावरचा_अण्णा | ९ जून, सकाळी ९.३०

राग मानू नका, पण हे सगळं शहरी खूळ आहे. आमच्या गावात एकालाही डिप्रेशन नव्हतं. एकत्र कुटुंब, सकाळपासून शेतात राबणं, रात्री पारावर बसणं, भजन. मनातलं तिथंच मोकळं व्हायचं. आता चौकोनी कुटुंब, हातात मोबाईल, मग पैसे देऊन ऐकणारा माणूस शोधायची वेळ येते.

मुक्काम_नांदेड | ९ जून, सकाळी ९.५२

अण्णा, पारावर बसायचे पुरुष. बायका कुठं मोकळ्या व्हायच्या?

पारावरचा_अण्णा | ९ जून, सकाळी १०.०१

जात्यावर. ओव्या काय उगाच आहेत का?

मुक्काम_नांदेड | ९ जून, सकाळी १०.०४

जातं गेलं की हो. मिक्सरवर ओवी म्हणून बघा एकदा, स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही.

आणि "गावात एकालाही नव्हतं" म्हणता. तुमच्या गावात कुणाच्या अंगात यायचं नाही का? कुणावर भानामती झाली नव्हती? कुणी बाई दोन वर्षं कोपऱ्यात बसून नव्हती, जिला "बाहेरचं" आहे म्हणून अमावस्येला न्यायचे? आमच्या आत्याला नेलं होतं. लिंबू, नारळ, काळी बाहुली, एक कोंबडा, आणि त्या काळात अठराशे रुपये. आत्या शेवटी बरी झाली ती सरकारी दवाखान्यातल्या गोळीनं, पण श्रेय कोंबड्याला गेलं.

हुरडा_पार्टी | ९ जून, सकाळी १०.१५

कोंबड्याचा प्रतिसाद घ्यायचा राहिला.

लातूर_पॅटर्न | ९ जून, दुपारी १.४०

काउन्सेलर म्हटलं की लातुरात अ‍ॅडमिशनचा काउन्सेलर समजतात. मागच्या वर्षी मी खरंच विचारलं होतं एका ओळखीच्याला, "चांगला काउन्सेलर सांग ना." त्यानं विचारलं, "नीटमध्ये किती पडले?" मी ३८ वर्षांचा आहे.

मनाची_वही | ९ जून, रात्री ९.२०

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे, संभाजीनगरला असते. इथं कुणाला रुग्ण म्हणून तपासणार नाही, तसे व्यनिही (व्यक्तिगत निरोप) नकोत. पण निळी_छत्री यांचे प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाच लांब लिहिते.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस, मग मनोविकारशास्त्रात एमडी किंवा त्यासारखी पदवी. गोळी लिहायचा अधिकार त्यांचा. तुम्हाला सात मिनिटं मिळाली याचा राग येणं बरोबर आहे, पण बाहेर ऐंशी माणसं बसलेली असतील तर त्या डॉक्टरांना थेरपी करणं अशक्यच आहे.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणजे मानसशास्त्रात एमए आणि त्यापुढं रुग्णालयात राहून केलेलं दोन वर्षांचं एमफिल. यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, तिला आरसीआय म्हणतात. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. मला कुणी विचारलं तर मी खूश होते. आम्ही गोळ्या देत नाही, आणि "त्या डॉक्टरच्या गोळ्या बंद करा" असं आमच्यातलं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

समुपदेशक हा शब्द मात्र मोकळं रान आहे. एमए करून, पुढं थेरपीचं रीतसर प्रशिक्षण घेऊन उत्तम काम करणारी माणसं त्यात आहेत. त्यांच्याकडं आरसीआयचा क्रमांक नसतो म्हणून ती खोटी ठरत नाहीत. आणि तीन दिवसांचं शिबिर करून पाटी लावणारेही त्यात आहेत. भाच्यावाल्या बाई कोणत्या गटात ते तुम्हीच ठरवा.

आता आत काय होतं. पहिल्या भेटीत मुख्यतः माहिती घेतात: कधीपासून, झोप, भूक, घरी कोण, पूर्वी असं झालं होतं का, घरात कुणाला होतं का, जगणं नकोसं वाटतं का. शेवटचा प्रश्न विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असलाच तर बाहेर येतो. कधी नऊ प्रश्नांचा एक कागद देतात. गेल्या दोन आठवड्यांत काय किती वेळा झालं त्याला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याच्या वर गेलं की लक्ष द्यायला हवं. तो कागद निदान करत नाही, पण दीड महिन्यानं परत भरला की फरक पडला का ते दोघांनाही दिसतं.

पुढं पद्धतीनुसार बदलतं. डिप्रेशनसाठी जास्त वापरली जाते ती विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी पद्धत, सीबीटी. अमेरिकेतल्या अ‍ॅरन बेक यांनी ती १९६०च्या दशकात मांडली. त्याच्या थोडी आधीची अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. रचलेलं उदाहरण देते. ऑफिसात चौघी जेवायला गेल्या, मला हाक मारली नाही. मनात लगेच उमटतं, "मी नकोशी झालेय." त्यावरून छातीत दडपण, मग उद्यापासून मीच डबा जागेवर खाते, मग खरंच कुणी हाक मारत नाही, आणि विचार खरा "सिद्ध" होतो. थेरपिस्ट या साखळीतली एकेक कडी तुमच्यासोबत वहीत लिहून तपासतो. "सकारात्मक विचार करा" हे त्यात कुठंही नाही. उलट वकिलासारखं विचारतात: पुरावा काय? दुसरी शक्यता कोणती? मैत्रिणीच्या बाबतीत हेच झालं असतं तर तिला काय म्हणाला असतात?

आणि वर्तनाचा भाग तर त्याहून साधा, पण तोच जड जातो. आपल्याला वाटतं, आधी बरं वाटेल, मग मी काही करेन. डिप्रेशनमध्ये ते "आधी" येतच नाही. म्हणून उलट्या टोकानं सुरू करायचं. मन असो नसो, ठरल्या वेळी ठरलेली लहान गोष्ट. दूध आणायला स्वतः जायचं, एवढीच. गोव्यात संगथ संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकारानं याच तत्त्वावर सहा ते आठ भेटींची पद्धत बसवली आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्यांसाठी स्थानिक, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून करवून घेतली. उपयोग झाला. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आलाय. म्हणजे भिंतीवर किती प्रमाणपत्रं आहेत यापेक्षा नीट शिकवलंय का आणि वर कुणी लक्ष ठेवतंय का, हे महत्त्वाचं.

साधारण आठवड्याला एक भेट, पाऊण ते एक तास, बारा ते वीस भेटी. सौम्य डिप्रेशनला नुसती थेरपीही पुरते. मध्यम ते तीव्र असेल तर गोळी आणि थेरपी दोन्ही मिळून जास्त चांगलं चालतं.

पैसे कशाचे, तर ऐकण्याचे नाहीत. ऐकून घेऊन पुढं काय करायचं ते माहीत असण्याचे.

निळी_छत्री | ९ जून, रात्री १०.०५

डबा जागेवर खाते. हे तुम्हाला कसं कळलं?

मनाची_वही | ९ जून, रात्री १०.१२

अहो, सगळेच खातात.

पुणे_व्हाया_परभणी | १० जून, सकाळी ८.१५

स्कूटीच्या प्रश्नावर माझं उत्तर: ऑनलाइन. मी लॉकडाऊननंतर केलं. पण त्यातला एक खड्डा सांगतो.

पहिली थेरपिस्ट अ‍ॅपवर मिळाली, दिल्लीची, हुशार. इंग्रजीतून बोलायचो. ती विचारायची, "हाऊ डज दॅट मेक यू फील?" मी "लो" म्हणायचो. पुढच्या आठवड्यात परत लो. माझ्याकडं इंग्रजीत दोनच भावना होत्या, लो आणि ओके. तिला मी "करमत नाही" कसं सांगणार? हिंदीत "मन नहीं लगता" म्हटलं, पण ते तसं नव्हे. करमत नाही यात माणूस, जागा, दिवसाची वेळ सगळं असतं. मला पुण्यात करमत नव्हतं आणि परभणीलाही करमत नव्हतं, हे मला मराठी थेरपिस्ट मिळाल्यावर तिसऱ्या भेटीत पहिल्यांदा म्हणता आलं. म्हणालो आणि रडलो. मला रडू मराठीतच येतं बहुतेक.

तर ऑनलाइन घेताना भाषा आधी विचारा. आणि खोलीला कडी लावून बसा. आमच्या घरी आई मध्येच पोहे घेऊन आली होती आणि थेरपिस्टलाही "खाऊन घ्या" म्हणाली.

सीताफळ_बालाघाट | १० जून, सकाळी ८.४०

शब्दांचं अगदी खरं. माझी जाऊ "डिप्रेशन" म्हणत नाही. "जीव लागंना, डोस्कं जड पडतंय, हातापायातलं बळ गेलंय" असं म्हणते. त्यामुळं दोन वर्षं कॅल्शियम आणि सलाईन चाललं.

मुक्काम_नांदेड | १० जून, सकाळी ८.५५

आमच्याकडं "उगंच रडू येऊलालंय". लालंय-लालंय ऐकून पुण्याचा डॉक्टर गोंधळेल. (अवांतर: यावर वेगळा धागा काढा, लाली-लाले-लालंय.)

हुरडा_पार्टी | १० जून, सकाळी ९.००

काढूलालो.

कोरडवाहू | १० जून, रात्री १०.३०

धाराशिव जिल्हा. नाव-गाव सांगत नाही.

वडील. लागोपाठ दोन वर्षं सोयाबीन हातचं गेलं, बहिणीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर. वडील बोलायचे बंद झाले. आधीही कमीच बोलायचे, त्यामुळं आम्हाला कळलंच नाही. कळलं ते आरोग्य खात्याच्या आशाताईंना. त्या एक छापील कागद घेऊन घरोघर फिरत होत्या, झोप लागते का, जेवण जातं का, असे प्रश्न. २०१५ साली सरकारनं मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातलं ते. आईनं सगळं "चांगलंय, चांगलंय" म्हणून सांगितलं. आशाताई गावातल्याच. त्या जायच्या ऐवजी ओसरीवर बसल्या, चहा घेतला आणि वडिलांना म्हणाल्या, "दादा, तुमी वैरण टाकायला पण पोराला लावताव आताशा, असं कधी केलं नव्हतं." वडील खाली बघत बसले.

जिल्हा रुग्णालयात नेलं. गोळी सुरू झाली. तिथल्या मॅडम पंधरा दिवसांनी बोलवायच्या, अर्धा तास. वडील आत काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही. एवढंच दिसलं की तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर येताना बसस्थानकात त्यांनी स्वतःहून भजी मागितली.

तिथं मॅडमनी मला बाजूला घेऊन एक सांगितलं ते सगळ्यांसाठी लिहितो. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. कुलपात, शेजाऱ्याकडं, कुठंही, पण हाताशी नको. वाईट घटका येते आणि जाते, त्या घटकेत हाताशी काही नसलं पाहिजे.

थेरपी शहरी खूळ आहे म्हणणाऱ्या अण्णांना माझा राग नाही. माझे वडीलही तेच म्हणाले असते.

पारावरचा_अण्णा | १० जून, रात्री १०.५८

वाचलं. वडील कसे आहेत आता?

कोरडवाहू | १० जून, रात्री ११.०३

बरे आहेत. कर्ज आहे तसंच आहे. पण वैरण स्वतः टाकतात.

बिंदुसरा | ११ जून, सकाळी ७.१०

या धाग्यावर कुणालाही तशी घटका आली तर १४४१६ लावा. टेलि-मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर चिठ्ठीवर लिहून मी काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. लोक पैसे मोजता मोजता वाचतात, काही जण मोबाईलमध्ये गुपचूप फोटो काढतात.

चार_सत्रं | ११ जून, दुपारी ३.२०

जरा उलट बोलतो. मी गेलो होतो, चार सत्रं, आठशेप्रमाणे बत्तीसशे रुपये. वही भरली, श्वास मोजला. काही झालं नाही. शेवटी गोळीनं झालं. सगळ्यांना थेरपीकडं पिटाळायची गरज नाही, आणि आठशे रुपये म्हणजे इथं कुणाची दोन-तीन दिवसांची मजुरी आहे, हेही लक्षात घ्या. बारा भेटींचा हिशेब करा.

मनाची_वही | ११ जून, रात्री ८.४५

दोन्ही मुद्दे मान्य. चार भेटी कमी पडतात, पण चौथ्या भेटीलाही काहीच हलत नसेल तर थेरपिस्टला तसं तोंडावर सांगायचं. चांगला असेल तो पद्धत बदलेल किंवा दुसऱ्याकडं पाठवेल. आपल्याकडं डॉक्टरला असं सांगणं उद्धटपणा वाटतो, म्हणून लोक न सांगता यायचे बंद होतात आणि आम्हाला वाटतं, बरे झाले.

पैशाचं: संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख, या चारही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहे. सीताफळताई, तुमच्या जावेला अंबाजोगाई सोडून कुठं जायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं, त्यात मानसशास्त्रज्ञाचं पद असतं. भरलेलं आहे का ते मात्र आधी विचारून घ्या. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. नकाशा उघडून बघा म्हणजे आपली माणसं दुखणं अंगावर का काढतात ते दिसेल.

विम्याचं कुणी विचारेलच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही विमासंरक्षण द्यायला सांगितलंय, पण साध्या पॉलिसीत भरती झाल्याशिवाय काही मिळत नाही, त्यामुळं थेरपीचा खर्च सहसा खिशातूनच जातो. त्याच कायद्यात गोपनीयतेचा हक्कही आहे. तुमच्याबद्दलची माहिती थेरपिस्टनं तुमच्या आईलाही तुमच्या परवानगीशिवाय सांगायची नाही. अपवाद जिवाला धोका असेल तेव्हा, अशा मोजक्या प्रसंगांचा.

जुना_मास्तर_औसा | १२ जून, सकाळी ६.३०

मी निवृत्त शिक्षक. रोज वाचतो, लिहीत नाही.

३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट, गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. किल्लारीपासून आमचं गाव लांब नाही. माझी मेहुणी पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, मग पक्कं घर मिळालं. चांगलं घर. पण ती त्या घरात झोपायची नाही. थंडीतही अंगणात बाज. आम्ही समजूत घालायचो, हे भूकंपातसुद्धा टिकणारं घर आहे. तिला ते ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग नव्हता.

त्या वेळी छावणीत काही डॉक्टर मंडळी येत, नुसती बोलत बसत. आम्ही त्यांना वेड्याचे डॉक्टर म्हणून टाळायचो. एकदा एक तरुण मुलगी मेहुणीच्या बाजेवर तासभर बसून गेली. मी विचारलं, काय म्हणत होती? मेहुणी म्हणाली, "काई नाई, धाकट्याचं नाव काय होतं ते इचारलं." धाकटा त्या पहाटे गेला होता. त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कुणी त्याचं नाव घेत नव्हतं, तिला त्रास नको म्हणून.

ती मुलगी परत आली की नाही, आठवत नाही. मेहुणी पुढं बरीच वर्षं अंगणातच झोपली. पण नाव घ्यायला लागली.

मुक्काम_नांदेड | १२ जून, सकाळी ६.५०

मास्तर.

पारावरचा_अण्णा | १२ जून, सकाळी ७.४५

गुरुजी, नमस्कार.

आणि निळी_छत्री ताई, माझ्या धाकट्या भावाची सून लातुरातच नोकरीला आहे. ती कुणाकडं तरी जाते हे मला काल कळलं, हा धागा तिला दाखवल्यावर. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही इथं काय लिहिलंय ते मी वाचलंय, आयडीवरून ओळखलं." मी पुढं काही बोललो नाही. ती जाते त्या बाईंचा पत्ता व्यनि करतो.

हुरडा_पार्टी | १२ जून, सकाळी ८.००

अण्णांना आठवडाभर माझ्याकडून हुरडा फुकट. (जूनमध्ये हुरडा नसतो, म्हणून म्हणालो.)

निळी_छत्री | ४ जुलै, रात्री ९.४०

धागा वर आणतेय. सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं, जमलं नाही.

अण्णांनी दिलेल्या पत्त्यावर तीन वेळा जाऊन आले. पहिल्याच दिवशी त्यांना शिक्षण विचारलं, घाबरत. त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र बोट करून दाखवलं आणि नोंदणी क्रमांक लिहूनही दिला. दुसरा प्रश्न विचारला, तुम्हाला भाचा आहे का? त्यांना कळेना, मग सगळं सांगितलं. खूप हसल्या. बऱ्याच महिन्यांनी मीही हसले.

लगेच काही चमत्कार नाही. गोळीचा पाचवा आठवडा चालू आहे, मळमळ थांबलीय, झोप साडेतीनवरून पाचवर आलीय. वही भरते. पहिल्या आठवड्याचा अभ्यास होता, डबा चौघींत बसून खायचा, नाही बोललं तरी चालेल. दोन दिवस जमलं, तीन दिवस नाही. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, दोन दिवस कसं जमलं ते सांगा. मला असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

मागच्या शनिवारी मात्र जायचंच नव्हतं. गादीवर पडून कारणं शोधत होते. मग बिंदुसरा यांचं "फायदा उधार" आठवलं आणि उठले.

आता स्कूटी. हुरडा_पार्टी यांच्या सल्ल्यानं पहिल्या दिवशी शेजारच्या दाताच्या दवाखान्यासमोर लावली. तिथला वॉचमन आला, "पेशंट हाय का? नसंल तर काढा." मी म्हणाले, हो, पेशंटच आहे. तर म्हणाला, नंबर किती? झक मारत दोन गल्ल्या मागं लावून चालत आले.

आत बाकावर आमच्या उदगीरच्या गल्लीतल्या एक काकू. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना. दोघींनी एकदम मोबाईल काढले. पाच मिनिटं तसंच. मग काकूच हळूच म्हणाल्या, "गाडी कुठं लावलीस गं?" मी सांगितलं, दोन गल्ल्या मागं. म्हणाल्या, "मी ऑटो गोलाईपाशीच सोडला. इतकं चालून चालून गुडघे गेले माझे."

पुढच्या वेळेपासून माझ्या स्कूटीवर येणार आहेत.

लातूर_पॅटर्न | ४ जुलै, रात्री ९.५५

त्या बाईंचा पत्ता मलाही व्यनि करा. नीटमध्ये किती पडले विचारत नाहीत ना?

नवीन_सभासद_हिंगोली | ५ जुलै, पहाटे ३.५०

सगळा धागा वाचला. आजच आयडी काढला. हिंगोलीत किंवा वसमतला कुणी माहीत आहे का? बाईच हवी. मराठी बोलणारी.

सीताफळ_बालाघाट | ५ जुलै, पहाटे ३.५८

जागी आहे मी. व्यनि बघा.